यानाची काच

देवधर काका स्वतः फोन करून बोलावत आणि आपण गेलो की दाराची साखळी न काढता फटीतून विचारत, "कोणी पाठवलं?"

"तुम्हीच बोलावलंत, काका."

"मी? कशासाठी?"

उत्तर पटलं तर साखळी निघे. नारायण पेठेत आमची दारं समोरासमोर, तरी दर वेळी हा तमाशा ठरलेला. काका वारले त्याला आता वर्ष होईल. अजूनही कोणाची बेल वाजवताना मी मनातल्या मनात कारण जुळवून ठेवते.

कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून उभा जन्म काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर जुन्या बाजारातून एक खोकं घेऊन आला. आत प्लास्टिकच्या अवकाशयानाचं परदेशी किट होतं, माझ्या जन्माआधीचं. असं किट आता कोणी बनवत नाही. विकणाऱ्याने एखादा भाग काढून घेतला असणार, या खात्रीने काकांनी सगळे तुकडे चादरीवर मांडून सोबतच्या जोडणीच्या नकाशाशी ताडून पाहिले. एकही कमी नव्हता. तेव्हा तर त्यांचा संशय आणखीनच वाढला. "पूर्ण माल देतो म्हणजे काहीतरी गडबड आहे," ते म्हणाले.

हिंजवडीच्या ऑफिसातून डोकं शिणून आले की मी त्यांच्याकडे जाऊन बसे. ते मला तुकड्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासायला देत आणि नंतर प्रत्येक कड भिंगाखाली धरून माझा कामचुकारपणा शोधत. खोक्यावरचं चित्र त्यांना मान्यच नव्हतं. बॉलपेनच्या टोपणाची टाकी करून त्यांनी ती यानाच्या पाठीवर चिकटवली. "दोन दिवस पाणी नाही आलं तर आतल्यांनी काय करायचं?" मग नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगावर त्यांनी इंजिनापासून काजळीचे ओघळ काढले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मळवायला घरातल्या भिंती पुरल्या नाहीत वाटतं."

शेवटी उरली ती चालकाच्या डोक्यावरची काच. पारदर्शक प्लास्टिकचा एकच नाजूक तुकडा, बिघडला तर दुसरा मिळणं नाही. तिच्याजवळ झटपट गोंदाला सक्त बंदी होती. "त्याची वाफ बसली की काचेला मोतीबिंदू झालाच म्हणून समज. पांढरा गोंद, टाचणीच्या टोकावर, आणि श्वास रोखून!" पण काच लावायचा मुहूर्त काही लागेना. कधी हवा दमट, कधी ढोलपथकाच्या सरावाने टेबल हादरतं, कधी आणखी काही.

आणि एका रविवारी काच नाहीशी झाली. एरवी मला "अगं मेघा" म्हणणारे काका म्हणाले, "आपण परवा इथे बसला होतात. आपली पर्स एकदा बघावी."

मी हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि पर्स त्यांच्या टेबलावर उलटी केली. मेट्रोचं कार्ड, कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या. त्यांनी अस्तरसुद्धा चाचपून पाहिलं. मला फार लागलं ते. मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं.

काही आठवड्यांनी काकूंनी मला जिन्यात गाठलं. "काच त्यांच्याच चष्म्याच्या डबीत आहे गं. मी आत गेले की उघडून बघतात. हात थरथरायला लागलेत त्यांचे. कोणाला बोलायचं नाही म्हणून दम दिलाय."

आधी माझा संताप झाला. मग कळलं, हात चालत नाही म्हणण्यापेक्षा चोरी झाली म्हणणं त्यांना सोपं गेलं होतं. मी काकूंबरोबर तडक त्यांच्या घरात गेले. "काका, चष्म्याची डबी द्या."

"घरातच फितुरी," काकूंकडे बघत ते पुटपुटले. पण डबी उघडली. काच माझ्या तळहातावर ठेवताना त्यांची बोटं इतकी हलत होती की मला काच वरच्या वर धरावी लागली. मी टाचणीने गोंद लावला, श्वास रोखला, काच टेकवली. काका भिंग घेऊन माझ्या खांद्यावर वाकले होते.

"वाकडी बसली."

खरंच, केसभर वाकडी होती. "काढू का?"

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "राहू दे. माझ्या हातून याहून वाकडी बसली असती."

माफी वगैरे काही मागितली नाही. माझा चहा मात्र स्वतः घेऊन आले, निम्मा बशीत सांडलेला. मी तो बशीतूनच प्यायले.

पुढे मुलाने दोघांना येरवड्याला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. टेम्पो भरताना काका हमालांना प्रत्येक खोकं पुन्हा उघडायला लावत होते. "बांधताना काय काढून घेतलंत?" हमाल रडकुंडीला आले. यान मात्र त्यांनी स्वतः खाली आणून माझ्या हातात दिलं.

"तू मागून रिक्षाने घेऊन ये," म्हणाले, आणि मुलाच्या गाडीत जाऊन बसले. मला रिक्षा मिळेपर्यंत थांबलेसुद्धा नाहीत.