वाल्ट्राउटचा घोगरा आवाज

आमच्या जर्मनीतल्या ब्रेमनच्या नाटकमंडळीत प्रयोगाआधी एकमेकांच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं करून 'टोय टोय टोय' म्हणत शुभेच्छा देतात. त्यावर आभार मानायचे नाहीत. मानले की प्रयोग बुडालाच. हा नेम आमच्या जुन्या नटी वाल्ट्राउटइतका कडक कुणी पाळला नाही. एखादी नवखी नटी चुकून 'धन्यवाद' म्हणाली की ही अंगावर धावून जायची. "घाल आम्हाला खड्ड्यात! जा बाहेर, दार ठोठाव, मग आत ये!"

मी मंडळीची कपडेवाली. तिच्या पाठीवरचे हुक वर्षानुवर्षं मीच लावत आले, त्यामुळे तिची बडबडही मीच जास्त ऐकली. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

करोनात नाट्यगृहं बंद होती त्या दिवसांत पोटासाठी तिने बाजारात फुलांचा गाळा टाकला. नाटकाहून फुलांची कमाई जास्त झाली आणि कलावंतांच्या आजारविम्यातून तिचं नाव गेलं. आता तुम्ही फुलवाल्या, असं विमावाल्यांचं म्हणणं. स्वतःच्या खिशातून विमा घ्यायचा, तर सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तिने हे कुणालाच सांगितलं नाही.

पुढे तिचा आवाज बसला. नटाचा आवाज बसणं म्हणजे आचाऱ्याचा हात भाजणं. त्यात काय एवढं? सेज नावाच्या औषधी पानांचा काढा दिला, गळ्याला मफलर गुंडाळला, झालं. त्यातून नव्या नाटकात तिला म्हाताऱ्या राणीचं काम मिळालेलं, आणि दिग्दर्शक एगॉन त्या घोगऱ्या आवाजावर लट्टू.

"अगं, हा आवाज आणलास कुठून? नाटक चालू आहे तोवर बरी होऊ नकोस हं!"

"तुझ्यासाठी मरेनसुद्धा, पण आधी पडदा पडू दे."

सगळे हसले. पेपरातही त्या आवाजाचं कौतुक छापून आलं. माझा मात्र जीव जळायचा. दुखणं समोर उभं होतं आणि लोक त्यावर टाळ्या वाजवत होते.

एका प्रयोगाआधी राणीची कॉलर लावताना माझ्या बोटांना तिच्या मानेत गाठ लागली.

"डॉक्टरकडे कधी गेली होतीस?"

"टाचणी टोचेल, नीट लाव."

"वाल्ट्राउट!"

तेव्हा आरशात बघत तिने फुलांची आणि विम्याची हकीकत सांगितली. "मंडळीत बोलू नकोस गं. फुलवाली म्हणतील मला."

"म्हणू देत. उद्या मुकाट्याने माझ्याबरोबर चल."

विमा नसलेल्यांना तपासणारा एक दवाखाना स्टेशनामागे आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, मानेतली गाठ चाचपली. मग त्यांनीच खटपट करून मोठ्या इस्पितळात सोय लावली. तिथले म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आधी आली असती तर आवाजही राहिला असता. ते ऐकून मी ढसाढसा रडले. रुमाल तिनेच दिला.

ऑपरेशनच्या सकाळी अख्खी मंडळी वॉर्डात जमली. एगॉनला तिच्याकडे बघवत नव्हतं. एकेकाने पुढे होऊन तिच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं केलं. "टोय टोय टोय." ती नेमाप्रमाणे गप्प राहील असं मला वाटलं.

तिने प्रत्येकाकडे नीट पाहिलं. मग त्या घोगऱ्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणाली, "धन्यवाद."

बाहेर जाऊन दार ठोठाव, असं तिला कुणीच म्हणालं नाही.