सॅक्सोफोनवाल्या बुवांना दाद

वेल्समधल्या आमच्या कार्डिफच्या मराठी मंडळात तबला एकच माणूस वाजवायचा, आणि तो मी नव्हतो. ते होते डॉक्टरकाका. हयात इथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून काढलेली. निवृत्तीनंतर तेच काम ते तबल्यावर करत. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी ठेका धरला की अर्धा हॉल ऑपरेशनला तयार व्हायचा. मी मात्र दरवर्षी खुर्च्या लावायचो.

म्हणून दोन हजारच्या दशकातल्या एका वसंतात, ऑफिसातल्या मित्राच्या मेहुण्याने मला त्याच्या सोल-जॅझ अल्बमवर तबला वाजवायला बोलावलं, तेव्हा मी ती बातमी मंडळाच्या ईमेलवर टाकली. थोडी सजवून टाकली. 'लंडनहून विमान पाठवताहेत' एवढंच जास्तीचं होतं.

काकांचा फोन आला. "असं? मग सीडी आली की माझ्याकडे घेऊन ये. न फोडता. सगळ्यांसमोर ऐकू. तू ऐकू आलास तर यंदा गणपतीत तबल्यावर तू बस."

"आणि नाही आलो तर?"

"खुर्च्या आहेतच की रे."

स्टुडिओ म्हणजे गालिच्यांच्या गोदामामागची खोली. थंडी अशी, की डग्ग्यावर हात ठेवला तर आतून कुणीतरी शिंकल्याचा आवाज आला. मेहुणा प्रोड्युसर होता. त्याला माझ्याकडून 'थोडासा ईस्टर्न फ्लेवर' हवा होता, वरणावर कोथिंबीर भुरभुरावी तसा.

आणि ते वादक! सेशन म्युझिशियन, म्हणजे पैसे घेऊन कुणाच्याही अल्बमवर वाजवून देणारे, या जमातीबद्दल माझ्या मनात फार आदर होता. अल्बमच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ज्यांची नावं असतात, ती माणसं म्हणजे माझ्या लेखी ऋषिमुनी. प्रत्यक्षात ते निघाले पितृपंधरवड्यातले भटजी. या घरी खीर-वडे, त्या घरी खीर-वडे, यजमानाचं नाव विचारायचं ते संकल्पापुरतं. ड्रमर एका हाताने क्रिस्प्स, म्हणजे आपले बटाट्याचे वेफर्स, खात दुसऱ्या हाताने ठेका देत होता, आणि दोन्हींत फरक ऐकू येत नव्हता. बेसवाला दोन टेकच्या मध्ये घरांच्या जाहिराती वाचायचा. मला तर शंका आहे, टेक चालू असतानाही वाचायचा.

सॅक्सोफोनवाला मात्र पोटाने, वयाने आणि अहंकाराने मोठा. त्याने वाजवलेले अल्बम एकावर एक रचले असते तर वेल्समध्ये आणखी एक डोंगर झाला असता.

"त्यातला तुझा आवडता कोणता?" मी भक्तिभावाने विचारलं.

"मला काय माहीत? मी एकही ऐकलेला नाही," तो म्हणाला. "वाजवायचं, कोट घालायचा, घरी जायचं."

माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आत टिकटिक चालू. तिच्या बरोबरीने वाजवायचं म्हणे. आता मी वाढलो भजनात. आमच्याकडे लय चढते. सुरुवात सावकाश, शेवट असा की टाळ तापून चटका बसला पाहिजे. मी त्या हिशोबाने गाणं वर नेलं, तर प्रोड्युसर काचेमागून ओरडला, "दोस्ता, तू पळतोयस!"

"मी पळत नाहीये, ही मंडळी बसून राहिली आहेत," मी म्हणालो. बेसवाल्याने पान उलटलं.

मग आला सॅक्सोफोनचा एकट्याचा भाग. तिथे माझा तबला थांबायचा होता. मी हात मांडीवर ठेवून बसलो. आणि त्या ढोल्याने, चेहऱ्यावर पोस्टाच्या रांगेतला कंटाळा ठेवून, असा एक सूर लावला, तो वळवला, खाली आणला आणि समेवर असा अलगद ठेवला, की माझ्या तोंडून पाहुण्यांसमोर निघू नये तसं मोठ्याने निघालं, "आहाहा! वा बुवा, वा!"

सगळं थांबलं. ड्रमरचा क्रिस्प हवेत.

"काही लागलं का याला?" सॅक्सोफोनवाल्याने विचारलं.

"दाद दिली," मी म्हणालो. "चांगलं वाजवलंस म्हणून सांगितलं."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी त्याच्या खिशात हात घातला होता. इतक्या वर्षांत त्याला बहुधा कुणी असं काही म्हटलंच नव्हतं. त्यानंतर त्याचं बिघडलं. तोच तुकडा तो पुन्हापुन्हा वाजवत गेला, आणि दर वेळी तो आणखी शिळा निघाला. प्रोड्युसर डोकं धरून त्याला म्हणाला, "पहिलाच टेक सोन्याचा होता. पण त्यात हा ओरडलाय, तेही तुझ्याच माइकमध्ये! काढता येणार नाही."

सीडी पोस्टाने आली तेव्हा गणपती तोंडावर आले होते. रविवारी दुपारी काकांच्या घरी सगळी कमिटी जमली. काकांनी सीडीवरचं प्लॅस्टिक शस्त्रक्रियेच्या सफाईने काढलं. मागच्या बारीक अक्षरांत माझं नाव नव्हतं. गाणी सुरू झाली. तबलाही नव्हता. एक गाणं, दुसरं, तिसरं. क्रिस्प्स खाणाऱ्याचा ड्रम अगदी स्वच्छ ऐकू येत होता. माझी बायको ताटलीतल्या ढोकळ्याकडे टक लावून बसली होती. काका डोळे मिटून हसत होते.

"विमान चुकलं वाटतं," काका म्हणाले.

तेवढ्यात सॅक्सोफोन सुरू झाला. तोच सूर, तेच वळण, तोच अलगद टेकलेला शेवट. आणि घरभर घुमलं, "आहाहा! वा बुवा, वा!"

"अय्या, हा तर तू!" बायको उडालीच. "श्रीखंड खाताना अस्साच ओरडतोस!"

कमिटी लोटपोट हसली. त्या आख्ख्या अल्बमवर जिवंत माणसाने काढलेला तेवढाच एक आवाज होता, हे माझं मत आजही कायम आहे.

"काका, मी ऐकू आलो," मी म्हणालो.

"आलास ना," काका डोळे पुसत म्हणाले. "पण तबल्यावर नाही आलास. जे वाजवलंस त्यावरच बसवतो तुला. यंदा खुर्च्या लावू नकोस. पहिल्या रांगेत बस, अगदी माझ्यासमोर, आणि मला दाद दे."

गणपतीच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसलो. काकांनी मान हलवत एक लांबलचक तिहाई घेतली, समेवर आदळली आणि माझ्याकडे पाहिलं. मी क्रिस्प्सचं पाकीट उघडलं. त्यांनी दुसरी घेतली, आणखी मोठी, घामाघूम होऊन, आणि पुन्हा पाहिलं. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी एक क्रिस्प तोंडात टाकला आणि सावकाश चावला. समेवर.