मॉस्कोतला म्हातारा आणि आमचे आबा

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. नळदुर्गात मास्तर झालो, तेव्हा सोलापूरच्या गाडीनं शाळेत येणारं इंग्रजी वर्तमानपत्र मी एकटाच शेवटपर्यंत वाचायचो. त्या उन्हाळ्यात त्यात मॉस्कोतल्या बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचे डाव छापून येत. आदल्या वर्षी एका कोवळ्या पोरानं पन्नाशीकडं झुकलेल्या जगज्जेत्याला हरवलं होतं. आता पुन्हा तेच दोघं समोरासमोर बसले होते.

आबा, म्हणजे माझे वडील, अडतीवर धान्य तोलायचे. चावडीपुढच्या पारावर त्यांना मात देणारा कुणी नव्हता. मग दवाखान्यात नवा कंपाउंडर आला. त्यानं आबांना लागोपाठ हरवलं, वर म्हणाला, "काका, आता जपमाळ घ्या." त्या दिवशी आबांनी कापडी पट खुंटीला टांगला, तो टांगलाच.

छापलेला डाव मांडायला मी तो खाली काढला. आबा पाठ फिरवून बसले, पण कान इकडंच. पहिल्यालाच घोटाळा झाला. आपल्या रीतीनं मी राजासमोर वजीर मांडला होता, आणि खेळ्या जुळेनात. तिकडं राजासमोर राजाच असतो, हे जरा उशिरा ध्यानात आलं. पुढं राजा अन् हत्ती एकाच खेळीत हलवले, तसे आबा वळले.

"दोघं एकदम? ह्ये कुठलं खेळणं?"

"तिकडं चालतं आबा. किल्लेकोट म्हणतात."

"आपला गावचा किल्ला ढासळतोय, अन् ते पटावर बांधायलेत."

मग ते पटाजवळच सरकले. पोराचा खेळ उधळलेल्या घोड्यासारखा. म्हातारा मात्र वजिराला वजीर देऊन मोकळा व्हायचा. "लई हुशार हाय," आबा म्हणाले. "पोराला उड्या मारायला रानच ठेवत न्हाय." तो डाव म्हाताऱ्यानं जिंकला.

दुसरा डाव मात्र तो हरला. ते सांगायला माझी जीभ रेटेना.

शेवटी सांगितलं, तसं आबांनी विचारलं, "मग आता?"

"आता तिसरा डाव."

"त्याच पोरासंगं बसणार?"

"व्हय."

आबांनी टोपी घातली. "गुंडाळ पट."

पारावर कंपाउंडर हसला. "या काका. मला वाटलं, पट चुलीत घातला."

"मांड. तोंड मागनं चालव."

आबा त्या दिवशी हरले. दुसऱ्या दिवशीही हरले, पण वजिराला वजीर देऊन कंपाउंडरला दिवेलागणीपर्यंत घाम फोडला. कॉलेजात मी मोठमोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली होती. हरलेल्या जागी रोज जाऊन बसणारा माणूस मात्र मी घरातच पाहिला.

म्हाताऱ्यानं जगज्जेतेपद परत घेतल्याची बातमी आली, तेव्हा पेपर घेऊन मी थेट पार गाठला. डाव रंगात होता.

"आबा, म्हातारा जिंकला."

"कोण म्हातारा?" कंपाउंडरनं दचकून विचारलं.

आबांनी मान वर केली नाही. हत्ती एक घर पुढं सरकवला, आणि म्हणाले, "तू तुझी खेळी बघ."