डोंग्यात हलायचं नाही

गडचिरोलीकडे माझे बाबा वैनगंगेवर डोंगा चालवायचे. सातवीत शाळा सुटल्यावर मीही त्यांच्यासोबत नदीवर असायची. डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "मधात बसा अन् हलू नका."

आता नवऱ्याच्या कामामुळे आम्ही ग्रीसमध्ये राहतो. तो बंदरात बोटी रंगवतो. परवा सुट्टीला मालकाने त्याला छोटी शिडाची बोट दिली, आणि आम्ही दोघंच किनाऱ्याकिनाऱ्याने पुढच्या बंदराला निघालो. इतक्या लांब आणून हा माणूस मला दर सुट्टीला काहीतरी दाखवतो, याचं मला अजून नवल वाटतं.

मी सवयीने मधात, खाली बसले. दुपारी वारा वाढला आणि बोट एका अंगावर कलली. नवऱ्याच्या एका हातात सुकाणू होतं, दुसऱ्यात शिडाची दोरी.

"वरच्या बाजूले ये! तुह्या वजनानं सरळ होते."

"मी नाई हलत. बाबानं सांगतलं हाये."

"बाबा इथी हायेत का? ये ना वो, पाया पडतो तुह्या!"

दोरी सोडून खरंच पाया पडेल, याचीच मला जास्त भीती वाटली. मी रांगत वर गेले आणि त्याला चिकटून बसले. बोट सावरली.

बंदराला लागल्यावर बाबांना फोन करून सगळं सांगितलं.

"तू हलली, तरी बोट बुडली नाई?"

"नाई, बाबा."

"मंग जावयाच्या बोटीत त्याचंच आयकत जा. माह्या डोंग्यात मात्र हलू नको."