आत्याचा आवाज कुठून काढायचा?

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमधून आवाज काढायचे निदान तीन मार्ग आहेत आणि माझ्या मुलीच्या बारशाला मी तिन्ही वापरले.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमची आत्या, म्हणजे माझी ताई, पाय मोडून नागपुरात पडलेली. नाव तिनेच निवडलं होतं आणि आम्हा नवराबायकोलाही सांगितलं नव्हतं. "कानात सांगेन तेव्हाच कळेल," एवढं बोलून ती फोनवर रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "ताई, तू व्हिडिओवर ये, बाकी माझ्यावर सोड." (मी सोलापुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. असली वाक्यं तोंडात बसलेली असतात.)

सांगोल्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, साधा फोन लावून पोरीच्या कानाला धरा की."

"आई, फोनचा आवाज टिनपाट येतो हो."

माझा बेत साधा होता. मंडपवाल्याच्या मोठ्या स्पीकरवर पाळण्याचं गाणं वाजेल आणि पाळण्यातल्या इवल्याशा स्पीकरमधून ताईचा आवाज फक्त बाळाला येईल.

पहिला मार्ग अल्सा. हा थेट साउंड कार्डाशी बोलतो. पण मी तो असा काही जोडला, की जो आधी आत शिरेल त्याने कडी लावून घ्यायची! गाणं आधी शिरलं. पाळणा दणदणीत सुरू झाला आणि पडद्यावर ताईचे नुसते ओठ हलू लागले.

"वन्सं काहीतरी म्हणतायत," बायको म्हणाली.

"नाव सांगत असतील," सासूबाई म्हणाल्या. "सांगून झालं असंल तर पानं वाढा. शेंगापोळ्या गार व्हाय लागल्यात."

दुसरा मार्ग पल्स. हा सगळे आवाज एकत्र कालवतो. ताईचं 'हॅलो, हॅलो' ऐकू आलं, पण गाण्यासकट आणि मोठ्या स्पीकरवर. मी घाईने बंद केलं. वाढपाला आलेले माझे विद्यार्थी कुजबुजले, "सर, चालत होतं की."

"चालतंय म्हणून सोडायचं नसतं," मी म्हणालो. (हे वाक्य मी वर्गातही म्हणतो.)

तिसरा मार्ग जॅक. हा गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांचा. यात पडद्यावर तारा काढून कुठला आवाज कुठे जाणार ते आपण हाताने जोडायचं. मी पाळण्याशेजारी उकिडवा बसून तारा जोडू लागलो. बाळ रडायला लागलं, बायकांनी पाळण्याभोवती गराडा घातला. आता अडचण अशी, की आत्या नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालत कुर्रर्र करतात, आणि इथे आत्याची पाठ नागपुरात.

"जावईबापूंची पाठ हाय की," सासूबाईंनी निकाल दिला.

मी शेवटची तार जोडली. ती तार, हे मला नंतर कळलं, ताईला मोठ्या स्पीकरशी आणि मोठ्या स्पीकरला लॅपटॉपच्या माईकमार्गे पुन्हा त्याच स्पीकरशी जोडत होती. तिकडे ताईचा धीर सुटला होता. लहानपणी मी कोपऱ्यात गप्प बसायचो म्हणून तिने मला ठेवलेलं आणि मी बायकोपासूनही लपवलेलं नाव तिने मोठ्याने घेतलं.

"घुम्या!"

"घुम्या... घुम्या... घुम्या..." स्पीकर गल्लीभर सांगत सुटला.

बायका बिचाऱ्या याचीच वाट बघत होत्या. "कुर्रर्र!" करत वीसेक हात माझ्या पाठीत पडले. दर घुम्याला एक कुर्रर्र, दर कुर्रर्रला धपाट्यांची एक फेरी. मला तार काढायला हात पोचेना.

"अगं बाई," सासूबाई हबकल्या, "पोरीच्या जातीला असलं नाव?"

बायकोने शांतपणे लॅपटॉप मिटला, स्वतःचा फोन ताईला लावला आणि तो बाळाच्या कानाशी धरून स्वतःही कान लावला. बाळ रडायचं थांबलं. "मीरा," बायको आम्हाला म्हणाली, आणि पलीकडे ताई पुन्हा रडत होती, पण आता बरं वाटून. माझेही डोळे भरून आले. (पाठही दुखत होती.)

सोमवारी वर्गात गेलो. फळ्यावर लिहिलं, 'लिनक्समधील ध्वनी'. वळायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "कुर्रर्र."

कुठलीही तार न जोडता, अगदी स्वच्छ ऐकू आला.