लिंकनचा ठराव आणि ३१८ नंबरची गाय

आर्डिस व्होबोरिलचं नवं निळं जाकीट तीन दिवसांपासून इस्त्री होऊन खुंटीवर लटकत होतं. मंगळवारी दुपारी दोन वाजता, तिकडे राजधानीत, लिंकनला, विधानसभेत ठराव वाचला जायचा होता: नेब्रास्कातल्या पशुपालकांचा आणि मांसासाठी गुरं पोसणाऱ्या घरांचा गौरव. त्या ठरावानं गवताची एक काडी जास्त उगवणार नव्हती, हे आर्डिसलाही ठाऊक होतं. पण त्यात पाच नावं होती आणि त्यांतलं एक तिचं होतं. वाळूच्या टेकड्यांत चव्वेचाळीस वर्षं गाईंची बाळंतपणं केल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी तिचं नाव उभं राहून वाचणार होतं.

"नुसता कागद आहे गं," तिचा नवरा डेलमार आठवडाभर चिडवत होता. "बायबलात खूण म्हणून ठेव."

"तुझं नाव नाही ना त्यात, म्हणून पोट दुखतंय."

मंगळवारी उजाडता उजाडता, निघण्याआधी एक चक्कर म्हणून ती गोठ्यात गेली. कोपऱ्यात ३१८ नंबरची काळी गाय वासराला चाटत होती. वासरू हलत नव्हतं. आर्डिसनं वाकून त्याच्या नाकाशी हात धरला आणि उठली.

पलीकडच्या कप्प्यात एक तीन दिवसांचं पोरकं वासरू होतं. त्याच्या आईनं, पहिलटकरीण ती, त्याला लाथेनंच उडवलं होतं. बाटलीचं दूध त्याला पचेना, हगवणीनं पार गळून गेलं होतं. इकडे कास भरलेली गाय, तिकडे उपाशी पोर. मेलेल्याचं कातडं जिवंताच्या अंगावर चढवायचं, म्हणजे गाईला आपल्याच बाळाचा वास येतो. पण ते आजच व्हायला हवं. उद्यापर्यंत वास शिळा होणार, आणि त्या पोराचा काही भरवसा नव्हता.

"मी करतो," मागून आलेला डेलमार म्हणाला. "तू नीघ."

"तू? मागच्या खेपेला तू कातडं असं आवळलंस की वासरू लाकडासारखं ताठ उभं राहिलं. आणि गाईनं फेकलं तुलाच, कुंपणापलीकडे."

"ती गाय खाष्ट होती."

आर्डिस घरात आली. जाकिटाकडे जरा वेळ बघत राहिली. मग बाही सरळ केली आणि पाठ फिरवली.

"डेलमार, तू जा."

"मी? विधानसभेत?"

"नाव पुकारलं की उभं राहायचं. बोलायचं नाही. हवामानावर नाही, वासरं पळवणाऱ्या कोयोट्यांवर तर मुळीच नाही. आणि हा जर्दाळू भरून भाजलेल्या कोलाच्यांचा डबा ठराव मांडणाऱ्या सिनेटरबाईंना दे. वाटेत उघडू नकोस, मोजलेत मी."

तो गेला. आर्डिसनं सुरी परजली. पायांसाठी चार भोकं ठेवून कातडं काढलं, पोरक्या वासराच्या पाठीवर टाकलं, पोटाखालून सुतळीनं बांधलं. शेपटीकडचा भाग तेवढा नीट बसवला, कारण गाय हुंगते ती तिथेच.

"झालं बघ तुझं जाकीट," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तुलाच जास्त शोभतंय."

पहिल्यांदा गाईनं हुंगलं आणि लाथ झाडली. वासरू धडपडलं, उठलं. दुसऱ्यांदा ढुशी. तिसऱ्यांदा वासरू उठेचना. आर्डिसनं त्याला उचलून उभं केलं, तोंडाला त्याच गाईचा चीक चोळला. दोन वाजले. तिनं फोन उपड्या बादलीवर ठेवून लिंकनचं थेट प्रक्षेपण लावलं. कारकून खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचावं तसा वाचत होता.

"ज्याअर्थी या राज्यातील पशुपालक कुटुंबांनी वादळात व दुष्काळात..."

गाईनं मान खाली घातली.

"ज्याअर्थी त्यांनी पिढ्यानपिढ्या..."

शेपटीखाली हुंगलं. लांबलचक.

"त्याअर्थी, बये," आर्डिस पुटपुटली, "सोड आता पान्हा."

कारकून नावं वाचू लागला. नेमकं तेव्हाच गाईच्या घशातून तो खोल, मऊ हुंकार आला, जो ती फक्त आपल्या पोराला देते. वासरू कासेला लागलं. शेपटी हलायला लागली. आर्डिस श्वास रोखून बसली. भानावर आली तेव्हा फोनमध्ये टाळ्या वाजत होत्या.

टेकड्यांमागे सूर्य उतरताना डेलमार परतला, तो कोटासकट थेट गोठ्यात.

"घेतलं तिनं पोराला?"

"घेतलं. उभा राहिलास?"

"राहिलो."

"बोललास?"

"एक अक्षर नाही. पण अख्खी सभा वळून वर गॅलरीत माझ्याकडे बघायला लागली गं! काही सुचेना. मग बोट उचललं."

"कसलं बोट?"

त्यानं दाखवलं. समोरून शेजाऱ्याची गाडी आली की स्टिअरिंगवरून उचलतात, तसंच एक बोट.

"अरे देवा! विधानसभेला?"

"अगं, खालून दोघांनी परत उचललं! आपल्याच भागातले असणार."

आर्डिस हसून हसून दाराला टेकली. मग तिनं डोळे पुसले. "माझं नाव ऐकायचंच राहिलं रे. तेवढ्यात ही बया बोलली."

डेलमारनं कोटातून कागद काढला. खाली सोनेरी शिक्का होता, कडेला कोलाच्याच्या जर्दाळूचा डाग. घसा खाकरून त्यानं गोठ्याच्या मध्यावर उभं राहून वाचलं, "आणि आर्डिस व्होबोरिल, जिच्या हातून..."

गाय रवंथ करत होती. वासरू पोट तट्ट भरून झोपलं होतं.

"टोपी काढ," आर्डिस म्हणाली, "आणि पहिल्यापासून वाच."