राक्षसाचे पान

विश्वनाथअप्पांची आणि माझी ओळख त्यांच्या जिंतूरच्या छापखान्यात झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायला मी गेले होते. अप्पा तिघांना घेऊन टेबलाभोवती बसले होते. मध्ये फासे होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "थांबा बाई, नागानं दार उघडलंय. आत काय हाय ते बघू द्या."

अप्पांच्या भाच्याने परदेशातून एका खेळाचे पुस्तक पाठवले होते. प्रत्येकाने ताकद, बुद्धी असे गुण ठरलेले एक पात्र घ्यायचे, एकाने गोष्ट सांगायची, आणि संकट आले की फासा टाकायचा. त्या पुस्तकातले वंश मात्र अप्पांना परके वाटले. त्यांनी आपल्या कथांतले पाच निवडले: मानव, वानर, नाग, यक्ष आणि राक्षस. खेळाला नाव दिले 'घाटापल्याड'. पत्रिका घेऊन मी निघाले, ती पुढच्या रविवारी खेळायला आले.

त्यांच्या कामाची पद्धत इथे सांगायला हवी. अप्पा आधी लिहून मग जुळवत नसत. नियम खेळून पाहायचे आणि थेट खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या अक्षरांत, जुळवायचे. माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सगळे नियम मोठ्या टायपात जुळवून ते घरी आले, कागद उशाशी ठेवला आणि चहा न घेता गेले. एवढ्यावरून त्यांना प्रेमळ म्हणावे का, असा प्रश्न मी रोजनिशीत लिहिला होता. आज उत्तर देते: म्हणावे.

पुस्तक छापायचे ठरले ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाच्या वर्षांत. गावात माणसे एकमेकांशी जपून बोलत होती. पुस्तक एका फर्म्याचे, म्हणजे सोळा पानांचे. त्यात चारच वंश बसत होते. पाचवा पुढे कधीतरी निघणाऱ्या पुरवणीत जाणार होता.

"राक्षस काढा," कापडाचे व्यापारी दिगंबरशेठ म्हणाले. खेळात गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. "लेकरांनी राक्षस व्हायचं? आईबाप पुस्तक चुलीत घालतील."

आमच्यात राक्षस खेळत असत ते प्रल्हादराव, कॉलेजात इतिहास शिकवणारे. गोष्टीत गाव आले की राक्षसाला शिवेबाहेर थांबावे लागे, असा अप्पांचाच नियम होता. गोष्टीला धार येते म्हणून केलेला. आमच्याकडे तो अक्षरशः पाळला जाई. प्रल्हादराव उठून बाहेर ओट्यावर जात आणि आम्ही गावातले आटोपेपर्यंत तिथे बसत. यावर आम्ही हसतही असू.

त्या दिवशी ते हसले नाहीत. "शेठ, राक्षस मी लय दिवसांपासून खेळायलोय. मला तोच आवडतो, ताकदीचा हाय. पण अप्पा, ह्यो शिवेचा नियम आमच्या गावात आमच्या लोकांना बी हाय. तिथला तुमी केलेला न्हाई. इथला तुमी केलाय. राक्षस काढा न्हाई तर ठेवा, ह्या नियमानं मी पुन्हा येणार न्हाई."

दिगंबरशेठ म्हणाले, "अहो सर, खेळ हाय हा!"

"खेळ हाय म्हणूनच बदलता येतो की."

अप्पांनी जुळवून ठेवलेले राक्षसाचे पान पुढे ओढले, शिवेच्या नियमाच्या ओळी सोडवल्या आणि खिळे एकेक करून खणांत परत टाकले. "नियम माझा होता," ते म्हणाले. "ओट्यावर तुमी बसत होता." त्यानंतर त्यांनी यक्षाची पाने बाजूला केली.

"अप्पा, यक्ष तर तुमचा जीव हाय!" मी म्हणाले. त्याच्या चित्राचा लाकडी ठसाही त्यांनी स्वतः कोरला होता.

"हाय ना. थांबंल की तो. राक्षस ह्याच पुस्तकात."

"मग त्याची बुद्धी पण वाढवा," प्रल्हादराव म्हणाले. "तळाला नेऊन ठेवलीय."

"वाढवतो. माणसाची थोडी कमी करू."

तेव्हा कुठे हशा झाला. दिगंबरशेठ मात्र त्यानंतर खेळायला आले नाहीत. त्यांच्या गोष्टी गेल्या, हे नुकसान खरेच होते. अप्पांनी त्यांच्याविषयी वावगा शब्द काढला नाही. त्यांची दिवाळीची कार्डे आजही अप्पाच छापतात.

या प्रसंगासाठी 'धैर्य' हा शब्द मी दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. अप्पांना तो जड वाटेल. त्यांनी स्वतःची चूक सर्वांसमोर, स्वतःच्या हातांनी सोडवली, एवढेच लिहिते.

अप्पांनी आता साठी पूर्ण केली आहे. गुडघे दुखतात, तरी ते उभे राहूनच जुळणी करतात. त्यांनी डॉक्टरांचे थोडे ऐकावे, डोळे आणि बोटे शाबूत राहावीत, आणि आम्हा सर्वांना त्यांचा सहवास उदंड वर्षे मिळावा. त्यांच्या हातून अजून एक पुस्तक जुळायचे आहे. यक्षाची पुरवणी प्रल्हादराव लिहीत आहेत. पहिला नियम त्यांनी परवा मला वाचून दाखवला: यक्ष कोणाच्याही घरी न विचारता येऊ शकतो, आणि आला की घरच्यांनी त्याला बसवून घ्यायचे.